तोंडमिट कपाटातली बारावी फाईल

१

गुरुवारी दुपारी बारा वाजता कृष्णवेणीनं कपाट उघडून फायली मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच. तिसऱ्यांदा मोजायच्या आधी तिनं चष्मा पुसला, कारण माणसांवर आळ घेण्यापेक्षा चष्म्यावर घेतलेला बरा.

तासापूर्वी बारा होत्या. वॉर्डाच्या सिस्टरनं फोन करून विचारलं होतं, आणि वेणीनं स्वतः उघडून, बघून, ‘आहे गं बाई’ म्हणून सांगितलं होतं.

गेली ती सुमित्राबाईंची. वय सहासष्ट, स्त्री-कक्ष, बेड सहा. त्यांच्या छातीतल्या गाठीच्या तपासणीचा एकुलता एक अहवाल तिच्यात होता, आणि ऑपरेशन उद्या सकाळी आठला.

म्हैसूरच्या त्या चाळीस खाटांच्या नर्सिंग होमची एक रीत होती. पेशंटची फाईल वॉर्डात सिस्टरच्या टेबलावर राही. पण ज्याच्या घरच्यांनी डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन ‘त्यांना कळू देऊ नका हं’ म्हटलं, त्याच्या फाईलीला लाल चिठ्ठी लागे आणि ती खाली रेकॉर्ड रूममधल्या हिरव्या लोखंडी कपाटात येई. न जाणो, पेशंटनंच उघडून पाहिली तर! या कपाटाला स्टाफ कन्नडात म्हणे ‘बायि मुच्चु’. घरात मराठी बोलणाऱ्या वेणीनं त्याचं बारसं केलं होतं, तोंडमिट कपाट. बावीस वर्षं त्याची किल्ली तिच्याकडे होती. म्हणजे कॅलेंडरमागच्या खिळ्याला होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कुलूप शाबूत होतं. पण उरलेल्या अकरा फायलींकडे बघून वेणी चक्रावली. तिच्या हातचा गठ्ठा म्हणजे लग्नघरची गादी: चारी कोपरे चार दिशांना, वर नाड्याची सैल गाठ. आता सगळ्या फायली कडेला कडा लावून बसल्या होत्या. नाडा आडवा-उभा आवळलेला. आणि एकूणएक फायली पालथ्या, नाव खालच्या बाजूला.

चोरानं चोरी करून घर आवरून ठेवलं होतं. तिनं ऑफिसात फोन लावून कळवलं.

“सापडली?” दारात कारभारी जगन्नाथराव उभे होते. त्यांचा आवाज नेहमी इस्त्री केलेला असे. आज घडी मोडली होती.

“शोधते, सर.”

“चार वाजेपर्यंत शोध. नाहीतर पोलिसांत कळवणार, आणि पहिलं नाव तुझं. बावीस वर्षांची नोकरी चार वाजता संपेल, समजलं?”

वेणीचे खापरपणजोबा म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात होते. घोडा केव्हाच गेला. मान तेवढी वारशात आली होती. तिनं ती हलवली नाही.

“चारला चार तास आहेत, सर,” ती म्हणाली. “तुम्ही जेवून घ्या.”

२

कमलाक्षी सिस्टर वॉर्डात सुया मोजत होती. काल तिनं डॉक्टरांशी भांडण केलं होतं, तेही थिएटरच्या दाराशी, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणून वेणी पहिल्यांदा तिच्याकडे गेली.

“हो, भांडले,” कमलाक्षी म्हणाली. “सहा नंबरनं माझा हात धरून विचारलं, ‘सिस्टर, उद्या नक्की काय कापणार?’ मी काय सांगितलं? ‘चिक्कदु अक्का, एवढीशी गाठ, दोन टाके.’ आणि कागदावर काय आहे? अख्खा स्तन काढायचा. वीस वर्षं खोटं बोलतेय गं. इंजेक्शनचा भत्ता मिळतो, खोट्याचा मिळत नाही.”

“म्हणून फाईल घेतलीस?”

“अय्यो, घेतली असती तर लपवते कशाला? तिच्याच मांडीवर नेऊन ठेवली असती. तेवढी छाती नाही माझी.” तिनं सुयांचा डबा बंद केला. “आणि तिला देऊन तरी काय? डॉक्टरांचं अक्षर. मेलेली झुरळं चिकटवावीत तसं.”

“कशी आहे ती?”

“मजेत. सकाळ-संध्याकाळ कॉरिडॉरात फेऱ्या मारते. भिंतीवर जे जे छापलेलं असेल ते वाचते, आग लागल्यावर पळायची पाटीसुद्धा. काल तर मलाच म्हणाली, ‘माझ्या तक्त्यावर सात नंबरचं औषध लिहिलंय, बघून घे.’ खरंच होतं! मला ते अक्षर लागलं नव्हतं. काय की, रोज बघून अंदाजानं बोलली असेल.”

वेणी निघाली तेव्हा कमलाक्षीनं मागून हाक मारली.

“वेणक्का, एक सांगू? सव्वाअकराला डॉक्टर तुझ्या खोलीपाशी उभे होते. एकटेच.”

३

डॉक्टर बिंदुमाधव साठीचे, देखणे आणि खरोखरच मायाळू. पेशंटचा हात हातात घेत, नाव लक्षात ठेवत, गरिबाची फी विसरत. फक्त कधी बसत नसत. खाटेशेजारचं स्टूल त्यांच्यासाठी नव्हतंच. ते उभ्यानं धीर देत आणि पुढच्या खाटेकडे जात.

“सव्वाअकराला? हो, आलो होतो,” ते म्हणाले. “फाईल बघायची होती. तुम्ही कॉफीला गेला होता. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक आहे, पण दुसऱ्याच्या कपाटाला हात लावायची सवय नाही.”

“आत कोणी होतं?”

“दार लोटलेलं होतं. आत कागद सरकल्यासारखा आवाज आला, तुम्हीच असाल म्हणून हाक मारली. उत्तर नाही. मग गेलो.” ते हसले. “कोण चोरणार हो? माझं अक्षर हेच माझं कुलूप. औषधाच्या दुकानातला नरसिंह सोडला तर या गावात ते कोणाला लागत नाही. पेशंटच्या तोंडासमोर मी हवं ते लिहितो, बिनधास्त.”

“उद्या फाईल नसली तर?”

“नव्यानं लिहीन. काय काढायचं ते मला माहीत आहे.”

“त्यांना माहीत आहे का, डॉक्टर?”

त्यांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं.

“कृष्णवेणी, रोग मारायच्या आधी भीती मारते, मी पाहिलंय. मी त्यांची झोप वाचवतोय. मुलाला सांगितलंय सगळं. त्यानं सही केली आहे.”

“छाती मुलाची नाही ना, डॉक्टर.”

हे आपल्या तोंडून कसं गेलं ते वेणीला कळलं नाही. जीभ भाजल्यासारखी ती तिथून बाहेर पडली. बाहेर बाकावर तो मुलगाच बसला होता, आणि वेणीला बघताच तो उठून जायला लागला.

४

“थांबा, सत्यनारायण. काल तुम्ही माझ्याकडे कशाला आला होता?”

हूटगळ्ळीच्या कारखान्यात पाळीत काम करणारा हा चाळिशीचा माणूस. मराठी आईपुरतं, बाकी सगळा व्यवहार कन्नड-इंग्रजीत.

“सांगितलं होतं ना मॅडम. ते कन्सेंट पेपर परत पाहिजे होतं.”

“का?”

“साइन केल्यापासून जेवण जात नाही.” तो धपकन बसला. “डॉक्टर म्हणाले, फुल रिमूव्ह करायचं, आईला स्मॉल लम्प म्हणून सांगा. मी सरी म्हटलं. रात्री वाटलं, हे काय केलं मी? ती उठल्यावर छातीला हात लावून बघेल ना? तेव्हा मी कुठं बघू?”

“म्हणून आज सव्वाअकराला फाईल पळवलीत?”

“देवाची आण, नाही! मी अकराला बँकेत होतो, हे बघा टोकन.” टोकनावर वेळ होती. अकरा वाजून बावीस मिनिटं.

वेणी त्याच्या शेजारी बसली. 

“आई काय करायची हो तुमची?”

“पोस्टात होती. आरएमएस, रेल्वेची डाक. तीस वर्षं लेटर खणात टाकायचं काम. सॉर्टर. शिकलेली नाही जास्ती. इंग्लिश-बिंग्लिश येत नाही, अॅड्रेस वाचते तेवढंच.” मग तो घुटमळला. “एक विचारू? आईनं इथं काही भांडण केलं का? मंगळवारी जगन्नाथराव सरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, ‘आईला आवरा. कागद-बिगद मागू नको म्हणावं, वयाला शोभत नाही.’”

वेणी ताडकन उठली.

“कसला कागद?”

“गोत्तिल्ला मॅडम. मला वाटलं, तुम्हालाच माहीत असेल.”

आणि त्या क्षणी तिला आठवलं. तिला माहीत होतंच. तिनंच त्याच्यावर शिक्का मारला होता.

५

सोमवार. टपालाच्या ट्रेमध्ये एक पाकीट. वर सुवाच्य अक्षरात: ‘मा. व्यवस्थापक, कार्यालय, पहिला मजला’, खाली रस्त्याचं नाव, म्हैसूर, आणि पिन कोड ५७०००४.

वेणी तेव्हा एकटीच हसली होती. पाकिटाला तिकीट नव्हतं, म्हणजे ते याच इमारतीतून हातानं आलेलं. दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर जायला पिन कोड! कोणी येडगावचं असेल म्हणत तिनं तारीख-वेळेचा शिक्का मारला, अकरा वाजून दहा, आणि पाकीट जगन्नाथरावांकडे पाठवून दिलं. बावीस वर्षं ती शिक्के मारत आली होती. पाकिटात कुणाचा तरी जीव असेल, हे शिक्क्याला कळत नसतं; पण मारणाऱ्या हाताला कळायला हरकत नव्हती.

ती कॉरिडॉरात आली. फर्नच्या कुंडीमागे एक चौकट टांगलेली होती, सरकारी नियमासाठी लावलेली, बारीक इंग्रजी अक्षरांची. वेणी पहिलं इंग्रजी शिकली ते औषधांच्या खोक्यांवरून. ओळीवर बोट ठेवून वाचायची तिला लाज नव्हती. तिनं कुंडी सरकवली. सातवी ओळ. पेशंटनं लेखी मागितल्यास त्याचे कागद त्याला बहात्तर तासांच्या आत द्यावेत.

सोमवार अकरा दहा. मंगळवार, बुधवार, गुरुवार अकरा दहा.

सव्वाअकराला वेणी कॉफीला गेली. दोन मिनिटांनी डॉक्टरांना आतून कागदाचा आवाज आला.

चोर बहात्तर तास थांबला होता. पाच मिनिटं जास्तच.

आता सगळं आपापल्या खणात पडायला लागलं. गठ्ठ्याला आडवा-उभा नाडा कोण आवळतो? ज्याचा जन्म गठ्ठे बांधण्यात गेला तो. दुसऱ्यांच्या फायली पालथ्या कोण घालतो? दुसऱ्याचं पत्र हातात येऊनही न वाचण्याची ज्याला शिस्त आहे तो. आणि मेलेल्या झुरळांसारखं अक्षर कोणाला लागतं? आयुष्यभर धावत्या गाडीच्या डब्यात, हलत्या दिव्याखाली, कुणाकुणाच्या थरथरत्या हातांनी लिहिलेले पत्ते ज्यानं लावले त्याला. त्याला सात नंबरचं औषधही लागतं, आणि मुलाला ठाऊक नसलेलं कुंडीमागचं इंग्रजीही.

सगळ्यांनी सगळीकडे शोधलं होतं. थिएटर, कॅन्टीन, रद्दीची पोती. एका ठिकाणी कोणी गेलंच नव्हतं, कारण तिथं फाईल असणं रीतीलाच धरून नव्हतं.

तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वेणी जिन्याकडे पळाली. खाली फाटकाकडे नाही, वर.

६

सुमित्राबाई उशाला टेकून कन्नड पेपर वाचत होत्या. कृश बाई, पांढरी वेणी, नाकावर जाड चष्मा. खाटेच्या पायथ्याशी लोखंडी चिमट्याला तापाचा तक्ता लटकत होता. दिवसातून चार वेळा सिस्टर त्याच्यावर लिहून जात होती.

वेणीनं तक्ता उचलला. मागे फाईल होती. लाल चिठ्ठीसकट.

“साडेतीन तास,” सुमित्राबाई पेपर न उतरवता म्हणाल्या. “एवढ्या वेळात आम्ही बंगळूरची अख्खी पिशवी लावून मोकळे व्हायचो.”

“अक्का, ही चोरी आहे.”

“वर काय लिहिलंय, वाच.”

“सुमित्राबाई. स्त्री-कक्ष. बेड सहा.”

“मग? चुकीच्या खणात पडली होती. पत्त्यावर पोचवली.” आता त्यांनी पेपर खाली घेतला. “रविवारी फेऱ्या मारताना मी तुझ्या दारात थांबून विचारलं होतं. बेड सहाची फाईल कुणाची गं? तू मान वर न करता म्हणालीस, ‘हॉस्पिटलची.’ म्हणून मग लेखी मागितली. आणि दार सताड उघडं टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत किल्ली खिळ्याला लावून, परक्यांची नावं वर ठेवून कॉफीला जातेस, लाज नाही वाटत? पोस्टात असतीस तर मेमो मिळाला असता.”

वेणीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही, आणि दोन्हींची तिनं गाठ पडू दिली नाही.

“वाचलंत?”

“वाचलं. इथं येऊन पांघरूण ओढून तासभर पडले.” त्यांचा आवाज खाली आला. “भीती वाटली गं, वाटणारच. पण भीती माझी आहे ना? तीसुद्धा यांनी परस्पर दुसऱ्याच्या घरी टाकली.”

जिन्यावर पावलं वाजली. चार वाजले होते. वेणीला शोधत जगन्नाथराव पुढे, मागे डॉक्टर, कमलाक्षी आणि सत्यनारायण. जगन्नाथरावांनी वेणीच्या हातातली फाईल पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“तूच! मला वाटलंच होतं.”

“सर,” वेणी म्हणाली, “सोमवारचं पाकीट कुठे आहे?”

“कुठलं पाकीट?”

“पिन कोडवालं. शिक्का माझा आहे, अकरा दहा. बहात्तर तासांत कागद द्यायचे असा नियम आपल्याच भिंतीवर आहे, कुंडीमागे. तुम्ही ते पाकीट फोडलंत, अर्ज दाबलात, आणि मंगळवारी यांच्या मुलाला बोलावून आईला आवरायला सांगितलंत. फाईल हरवल्यावर कोणी नेली असेल याचा अंदाज या इमारतीत फक्त तुम्हाला होता. तरी पोलिसांत नाव माझं देणार होता.”

जगन्नाथरावांनी डॉक्टरांकडे बघितलं.  

बोलले ते डॉक्टर, हळू आवाजात. “सुमित्राबाई, तुम्ही खचाल म्हणून. तुमच्या भल्यासाठीच.”

“डॉक्टर,” सुमित्राबाई म्हणाल्या, “मी तीस वर्षं डाक लावली. कोपरा फाडलेलं कार्ड हातात आलं की कळायचं, कुणाच्या तरी घरी माणूस गेलं. पत्ता कळायचा, गल्ली कळायची. एकदा तर कृष्णराजनगरचं कार्ड आलं, माझ्या मावशीच्या घरचं. हात थांबला. पण खणात टाकलं. बिचारी खचेल, राहू दे, असं म्हणायचा मला अधिकार नव्हता. पत्र लिहिणाऱ्याचं नसतं आणि वाहणाऱ्याचंही नसतं. ज्याचं नाव वर असतं त्याचं असतं. मी साधी सॉर्टर. मला कळलं ते तुम्हाला कळू नये?”

वॉर्डातल्या बाकी खाटांवर बायका उठून बसल्या होत्या.

“बसा,” सुमित्राबाईंनी स्टूल दाखवलं.

डॉक्टर बसले. वेणीनं बावीस वर्षांत त्यांना प्रथमच बसलेलं पाहिलं. बसल्यावर ते थकलेले दिसत होते, आणि त्यांचे डोळे सुमित्राबाईंच्या डोळ्यांच्या उंचीला आले होते.

“अख्खा काढायचा?”

“हो.”

“थोडा ठेवून?”

“होतं तसंही. मग किरणांचा शेक द्यावा लागतो, फेऱ्या जास्त. मी… मी ते विचारायला हवं होतं.”

“मी चार दिवस थांबले तर मरेन?”

“नाही.”

“हे पहिलं खरं सांगितलंत मला.” त्यांनी फाईल मागून घेतली, पान काढलं. “उद्या ऑपरेशन नाही. आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणार, मग ठरवणार, आणि सही करणार ती मी. सत्या, तुझी सही खोड.”

सत्यनारायणनं पेन घेतलं. एक पुसट रेघ ओढली.

“नीट खोड,” सुमित्राबाई म्हणाल्या, “आणि मग खाली जाऊन जेवून ये. दोन दिवस तोंड सुकलंय तुझं. मला सगळं वाचता येतं.”

७

शुक्रवारी सकाळी वेणी सगळ्या वॉर्डांतून फिरली. फक्त अकरा खाटांशी थांबली असती तर तिच्या थांबण्यानंच त्यांना बातमी कळली असती. म्हणून ती चाळीसही खाटांशी थांबली. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, मराठीत नाहीतर कन्नडात: “तुमची फाईल तुमची आहे. बघायची असेल तर इथं लिहून द्या.” ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं सुमित्राबाईंनी लिहून दिलं, वाचून दाखवलं, आणि पाकिटावर पिन कोड घातला. नको म्हटलं तरी ऐकेनात.

वरुणा गावची एक म्हातारी म्हणाली, “मला नको बाई कळायला. देवाला ठाऊक आहे तेवढं पुरे.” वेणीनं तेही तसंच लिहून घेतलं. न कळण्याचा हक्कही तिचाच. पण तो तिनं सांगितल्यावर, मुलानं नाही.

एकतीस पाकिटं झाली. ती घेऊन वेणी जगन्नाथरावांच्या टेबलापाशी उभी राहिली.

“हे काय मांडलंयस?” ते ओरडले. “नोकरी जाईल तुझी!”

“लेखी द्या, सर.”

“काय?”

“जी नोटीस द्याल ती लेखी द्या. पत्ता नीट घाला.”

तिनं शिक्का शाईत दाबला. वर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि पहिल्या पाकिटावर असा मारला की टेबलावरची काचेची पट्टी थरथरली.

“अकरा दहा,” कृष्णवेणी म्हणाली. “तुमचं घड्याळ लावून घ्या, सर. एकतीस जणांचे बहात्तर तास आत्ता सुरू झाले.”